सजग स्वप्नासाठी पहाटेचं जागरण: किती, कधी आणि कसं

मागच्या महिन्यात कळव्याहून एक मुलगा मला भेटायला आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डोळ्यांखाली काळं आलेलं, चहाचा कप धरताना हात थरथरत होता. सलग तीन रात्री तो जवळजवळ जागाच होता, कारण जागं राहिलं की ल्युसिड ड्रीम, म्हणजे सजग स्वप्न, पडतं असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. स्वप्न पडलं नाही. चौथ्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळा लागला आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं. त्याला मी काहीही शिकवलं नाही. घरी जा आणि दोन दिवस पोटभर झोप, एवढंच सांगितलं.

गेली आठ वर्षं मी हा सराव करते आहे आणि विचारायला येणाऱ्या बहुतेकांची चूक हीच असते. ‘जागं राहायचं’ म्हणजे झोप टाळायची, असं ते समजतात. प्रत्यक्षात आधी सुमारे पाच तास सलग झोप घ्यायची, मग वीस ते चाळीस मिनिटं जागं राहायचं आणि मग पुन्हा झोपायचं. जागरण म्हणतात ते एवढंच. त्यानंतर अंग झोपेत उतरत असताना लक्षाचा एक बारीक धागा हातात धरून ठेवायचा, हे त्यातलं कसब.

सजग स्वप्न म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं. स्वप्नावर ताबा मिळणं ही पुढची आणि वेगळी गोष्ट. नुसतं कळलं तरी ते सजग स्वप्नच.

आधी हे वाचा: कोणी हा सराव करू नये

ज्यांना फिट येतात त्यांनी झोप मोडण्याचा कोणताही प्रयोग करू नये. अपुरी झोप फिटला निमंत्रण देते. बायपोलरचा त्रास असेल तर झोप कमी झाल्यावर मनःस्थिती झपाट्याने बिघडू शकते, म्हणून त्यांनीही नाही. ज्यांना जागेपणी भास होतात किंवा पूर्वी झाले आहेत, त्यांनी स्वप्न आणि जाग यांच्या सीमेवर मुद्दाम जाऊ नये. निद्रानाश असेल, घरात तान्हं बाळ असेल, शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल, तर आधी झोपेची घडी बसवा. स्वप्नं कुठे पळून जात नाहीत.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणे-बेलापूर रोडवरून किंवा घोडबंदरवरून दुचाकी चालवायची असेल, तर त्या दिवशी पहाटे हा प्रयोग नको. यात मी कुणालाही सूट देत नाही.

टप्पा १: दोन आठवडे फक्त झोप आणि वही

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि म्हणून पुढचे सगळे टप्पे फुकट जातात. सजग स्वप्न पडलं आणि सकाळी आठवलंच नाही, तर पडलं की नाही हे कळणार कसं?

झोपायची आणि उठायची वेळ ठरवून टाका आणि दोन आठवडे पाळा. सुट्टीच्या दिवशीही अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नको. उशाशी एक वही आणि बांधलेलं पेन ठेवा. पेन दोऱ्याने वहीला बांधा, कारण अर्धवट झोपेत ते हमखास गादीखाली जातं.

सकाळी जाग आली की हलू नका. कूस बदलू नका, डोळे उघडू नका, मोबाइल तर मुळीच नको. तसंच पडून स्वतःला विचारा, ‘आत्ता मी कुठे होते?’ आधी एखादी भावना हाताला लागते, मग एखादी जागा, मग माणसं. शेपटीकडून उंदीर ओढावा तसं स्वप्न उलट्या क्रमाने बाहेर येतं. तीन-चार दृश्यं हाती लागली की मगच उठून लिहा. वर्तमानकाळात लिहा: ‘मी शाळेच्या जिन्यात आहे, पायात चप्पल नाही.’ तसं लिहिलं की आणखी आठवतं.

दहा-बारा नोंदी झाल्या की त्या एका बैठकीत वाचा. काही गोष्टी परत परत येताना दिसतील. कुणाला सुटलेली गाडी दिसते, कुणाला दहावीचा पेपर, कुणाला नसलेल्या मजल्यावर थांबणारी लिफ्ट. माझ्या स्वप्नात गावच्या घराला कोपरखैरण्याची बाल्कनी जोडलेली असते. या तुमच्या खुणा. त्यांच्याखाली रेघ मारा, चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात लागतील.

याच काळात दिवसा एक परीक्षा अंगवळणी पाडा. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि श्वास आत घ्यायचा प्रयत्न करायचा. जागेपणी श्वास अडतो. स्वप्नात बहुतेक वेळा तो सरळ आत येतो, कारण खरं नाक कुणी धरलेलंच नसतं. दुसरी परीक्षा वाचनाची. फलाटावरचा इंडिकेटर वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नातली अक्षरं दुसऱ्या वाचनात बऱ्याचदा बदललेली असतात. दिवसातून पाच-सहा वेळा पुरे, पण प्रत्येक वेळी मनापासून शंका घ्या. सवयीने नाक चिमटणारा स्वप्नातही सवयीने चिमटतो आणि श्वास आत आला तरी त्याच्या लक्षात येत नाही.

*तपासणी: आठवड्यातून निदान पाच सकाळी एक तरी स्वप्न आठवतं का? नसेल तर आणखी एक आठवडा इथेच थांबा. रोज रात्री दारू घेणाऱ्यांना या टप्प्यावर फार अडचण येते. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या पहिल्या भागातली स्वप्नझोप दाबली जाते आणि उरलेली तुटक होते.*

टप्पा २: घर आणि घरची माणसं

परदेशी सल्ल्यांमध्ये स्वतंत्र बेडरूम गृहीत धरलेली असते. आमचं घर सिडकोच्या जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचं. हॉलमध्ये तिघं झोपतात. पहाटे चारला अलार्म वाजला तर मला जाग यायच्या आधी आईला येते आणि ती विचारते, ‘काय गं, बरं वाटत नाही का?’ त्या एका प्रश्नाने सगळी तंद्री उडते.

म्हणून घरच्यांना आधी सांगा. आठवड्यातल्या कोणत्या रात्री उठणार, किती वेळ बसणार, आणि त्या वेळात कुणी बोलायचं नाही. अलार्म आवाजाचा नको. हाताला बांधायचा थरथरणारा बँड असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून उशीच्या अभ्र्यात घाला. इंटरनेट बंद. झीरोचा दिवा पिवळा किंवा लाल लावा. निळसर पांढरा उजेड झोपेला हाकलतो.

बसायची जागा आणि परत झोपायची जागा आधीच ठरवा. माझी बसायची जागा स्वयंपाकघरातला पाट. तिथे आदल्या रात्रीच पाण्याचा तांब्या, वही आणि पातळ शाल ठेवलेली असते. परत झोपताना मूळ अंथरुणात न जाता वेगळ्या सतरंजीवर पडलं, तर काहींचं लक्ष जास्त टिकतं. नेहमीच्या गादीला नेहमीच्या गाढ झोपेची सवय असते. जागा असेल तर करून पाहा.

डासांचा बंदोबस्त करा. अंग सैल पडत आलेलं असताना कानाशी एक डास गुणगुणला की अर्ध्या तासाची मेहनत गेली. नवी मुंबईत खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांनी मच्छरदाणीशिवाय सुरुवातच करू नये.

मग आवाज. एक रात्र नुसतं पहाटे उठून ऐका आणि वेळा लिहून ठेवा. तुर्भ्याच्या मार्केटकडे जाणारे भाज्यांचे ट्रक, सोसायटीचा पंप, दूधवाला, अजान, काकड आरती, एप्रिल-मे महिन्यात उजाडायच्या बऱ्याच आधी ओरडायला लागणारा कोकिळ. यातलं काहीही वाईट नाही, पण तुमची परत झोपायची वेळ नेमकी पंप सुरू व्हायच्या वेळेला येऊ देऊ नका. पंखा चालू ठेवा. त्याच्या एकसारख्या घरघरीत बाकीचे आवाज विरतात, आणि पुढे त्याच घरघरीचा उपयोग आहे.

टप्पा ३: वेळेचा हिशोब

झोपेची एक फेरी साधारण ९० मिनिटांची असते. रात्रीच्या पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त आणि स्वप्नांची म्हणजे रेम झोप थोडी, पहिल्या फेरीत तर दहा मिनिटांच्या आसपास. पहाटेकडे हे उलटं होतं. गाढ झोप जवळजवळ संपते आणि रेमचा एकेक तुकडा अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून पुढे जातो. पहाटे उठायचं ते यासाठी. रात्री अकराला अंथरुणावर पडताक्षणी जे प्रयोग करतात, ते रेम जवळजवळ नसलेल्या झोपेच्या दाराशी उभे असतात.

हिशोब घड्याळावरून करायचा नाही, झोप लागल्यापासून करायचा. पावणेअकराला पडलात, अकराला झोप लागली, तर अलार्म चारला. साडेचारपर्यंत बसायचं. साडेचार ते सात पुन्हा झोप. म्हणजे सातपर्यंत झोपायची मोकळीक असलेली सकाळ हवी. सहाची लोकल पकडणाऱ्याने कामाच्या दिवशी हे करू नये. शुक्रवारची किंवा शनिवारची रात्र धरा.

ऐरोली-महापेला रात्रपाळी करणाऱ्यांनाही हेच गणित लागू. पहाटे पाचला झोप लागत असेल तर अलार्म सकाळी दहाचा. फक्त खिडकीला जाड पडदा हवा.

नव्वद मिनिटांचा आकडा फार काटेकोर धरू नका. माणसामाणसात आणि एकाच माणसाच्या रात्रीरात्रीत तो कमीजास्त होतो. साडेचार, पाच, साडेपाच तास असे तीन अंतरांचे प्रयोग वेगवेगळ्या आठवड्यांत करा आणि जाग आली तेव्हा स्वप्न चालू होतं का, ते लिहा. ज्या अंतराला स्वप्नातून जाग आली, ते तुमचं अंतर.

*सावधान: स्नूझ नाही. पाच-पाच मिनिटांनी झोप तोडल्याने ना नीट जाग राहते ना नीट झोप.*

टप्पा ४: जागं राहण्याची वीस ते चाळीस मिनिटं

सगळं यश-अपयश इथे ठरतं, म्हणून इथे थोडा वेळ थांबते.

अलार्म थरथरला की आधी तसंच पडून स्वप्न आठवा. मग उठा, लघवीला जाऊन या, दोन घोट पाणी प्या. तोंडावर पाण्याचा हबका नको; ओला हात डोळ्यांवरून फिरवला की पुरे. पाटावर पाठ ताठ ठेवून बसा. भिंतीला टेकलात तर तिथेच डोळा लागतो.

आत्ता आठवलेलं स्वप्न वहीत लिहा. मग जुन्या नोंदी चाळा आणि रेघ मारलेल्या खुणा वाचा. पुढच्या स्वप्नात सजग झाल्यावर करायची एकच छोटी गोष्ट ठरवा. एकच. ‘भिंतीला हात लावून बघेन’ एवढी साधी. आमच्या खिडकीतून त्या वेळी खाली वॉचमनची काठी ऐकू येते. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत ठक ठक, मग शांतता, मग परत. लिहून झालं की मी तेवढंच ऐकत बसते.

मोबाइल नको, अगदी ‘फक्त वेळ बघायला’ सुद्धा नको. चहा-कॉफी नको. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारचा चहा तुमच्याबरोबर सकाळभर राहतो. खरं तर आदल्या दिवशी दुपारनंतरचाही टाळा. कामाचा विचार आला तर वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत टिपा आणि पान उलटा.

किती वेळ बसायचं? जे पडल्यापडल्या घोरतात त्यांनी चाळीस मिनिटं. ज्यांची झोप चाहुलीनेही मोडते त्यांनी दहा-पंधरा. मधल्यांनी अर्धा तास. पण मिनिटांपेक्षा भरवशाची एक परीक्षा मी वापरते: सतराचा पाढा. मनातल्या मनात, सावकाश. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न. दोनदा अडखळलात किंवा मध्येच कुठे होतो ते विसरलात, तर डोकं अजून झोपेत आहे. उठून दोन फेऱ्या मारा आणि पाच मिनिटं आणखी बसा. पाढा झरझर आला आणि वर उद्याची कामंही सुचायला लागली, तर जास्त जागे झालात. दिवा मालवा आणि लगेच पडा. पाढा नीट आला आणि शेवटाकडे जांभई आली, ती नेमकी वेळ. डोळे जड, डोकं स्वच्छ.

पहिल्या चार-पाच वेळा ही वेळ चुकेल. चुकली की वहीत मिनिटं लिहा आणि पुढच्या वेळी पाच मिनिटं इकडे किंवा तिकडे सरका. एकदम वीस मिनिटांनी बदलू नका.

टप्पा ५: परत झोपणं. दोन वाटा, आणि आधी पहिलीच

पहिली वाट संकल्पाची. हिच्यात जागं राहत झोपायचं नसतं, लक्षात ठेवून झोपायचं असतं. संध्याकाळी येताना कोथिंबीर आणायची, असं सकाळी मनात पक्कं केलं की भाजीची गाडी दिसताच आठवतं. तशीच आठवण स्वप्नासाठी लावायची. मघाशी लिहिलेलं स्वप्न डोळ्यांपुढे आणा. त्यातली खूण येते तिथे थांबा आणि यावेळी ओळखा: ‘गावच्या घराला ही बाल्कनी कशी? म्हणजे हे स्वप्न आहे.’ नाक चिमटल्याचं दृश्यही बघा. मग एक वाक्य, स्वतःच्या भाषेत: ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल की मी स्वप्नात आहे.’ दृश्य आणि वाक्य, दृश्य आणि वाक्य, झोप लागेपर्यंत. नुसतं वाक्य जपासारखं घोकलं तर काही होत नाही, त्यात अर्थ भरलेला हवा. मन भरकटलं तर शेवटचा विचार पुन्हा हाच होईल एवढं बघा.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात असं दिसलं की हा संकल्प केल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांना सजग स्वप्नं कितीतरी जास्त वेळा पडली. चौथ्या टप्प्यात मी जांभईचा एवढा आग्रह का धरला, ते यावरून कळेल.

या वाटेने किमान सहा पहाटा करा. त्यानंतरच दुसरी.

दुसरी वाट धागा धरून उतरण्याची. अंग झोपेल आणि लक्ष जागं राहील, मध्ये तुटणार नाही. ही अवघड आहे आणि लोक नेमकी हिच्यापासून सुरुवात करतात.

कुशीवर किंवा पाठीवर, जसं सोयीचं तसं पडा. पाठीवर झोपल्याने अंग जखडल्याचा अनुभव जास्त येतो, म्हणून घाबरट स्वभाव असेल तर कूस बरी. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडा. जबडा आणि जिभेचं मूळ लोक विसरतात. मग लक्षाला एक खुंटी द्या. पंख्याची घरघर चालेल. किंवा सावकाश मोजणी: ‘एक, हे स्वप्न आहे. दोन, हे स्वप्न आहे.’ मोजणी मध्येच विसरली तर पुन्हा एकपासून.

थोड्या वेळाने मिटल्या डोळ्यांपुढे रंगांचे डाग येतात, मग जाळ्या-नक्ष्या, मग एखादा चेहरा, जिन्याचा तुकडा, कुणीतरी आपल्याला हाक मारल्याचा आवाज. इथे दोन चुका होतात. एक, चित्राला घट्ट धरायला जाणं; धरलं की ते विरतं. दुसरी, ‘आलं आलं!’ म्हणून छाती धडधडणं. गाडीच्या खिडकीतून मागे पळणारी झाडं बघतो तसं बघा. झाड धरायला कुणी हात बाहेर काढत नाही. चित्रांना खोली आली, त्यात चालता येईल असं वाटलं की अलगद हात पुढे करा, स्वप्नातला हात. जमिनीला पाय लागले की आत आलात.

अजिबात हलायचं नाही, हा एक गैरसमज. खाज आली तर खाजवा, थुंकी गिळा, एकदा कूस बदलली तरी चालते. खाज सहन करत बसलेलं मन फक्त खाजेचाच विचार करतं.

ज्यांना मोजणी जमत नाही त्यांनी बोटांची युक्ती करून पाहावी. झोप अगदी दाटून आली असताना पहिलं आणि मधलं बोट आळीपाळीने, पेटीच्या दोन पट्ट्यांवर ठेवल्यासारखं, दिसणार नाही इतकं हलकं दाबत राहा. अर्ध्या मिनिटाने नाक चिमटून बघा.

*तपासणी: पंचवीस मिनिटं झाली आणि काही नाही, तर प्रयत्न सोडा. कूस बदला आणि मनापासून झोपा. दोन-दोन तास टक्क पडून राहणाऱ्यांचा दुसरा दिवस वाया जातो, आणि मेंदू अंथरूण म्हणजे जागरण असं शिकतो.*

टप्पा ६: अंग जखडलं तर

स्वप्नझोपेत मेंदू अंगाचे मोठे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नात धावलो तरी खरे पाय धावत नाहीत. लक्ष जागं असताना हे घडलं की हात हलत नाही, छातीवर ओझं वाटतं, खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. आमची आजी याला छातीवर बसणं म्हणायची आणि उशाखाली अडकित्ता ठेवायची. तिची भीती खरी होती, कारण त्या क्षणाइतकं खरं दुसरं काही वाटत नाही.

हे आधी माहीत असेल तर निम्मी भीती जाते. श्वास चालू असतो. श्वासाचा मुख्य पडदा या सैलपणात बंद पडत नाही, फक्त आपण हवा तसा खोल श्वास घेऊ शकत नाही, म्हणून ओझं जाणवतं. काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत हे आपोआप ओसरतं. सगळं अंग एकदम झटकायला जाऊ नका. त्याने घबराट वाढते. डोळे फिरवा, जीभ टाळूला लावा, पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा. किंवा तसंच राहू द्या आणि श्वास बाहेर सोडण्यावर लक्ष ठेवा. पुष्कळदा त्यातूनच स्वप्न उघडतं.

महिन्यात दोन-चारदा, प्रयत्न न करताही, हे होऊ लागलं तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ७: आत गेल्यावरची पहिली मिनिटं

सगळ्यात जास्त स्वप्नं हातून जातात ती ‘आज काही झालं नाही’ असं वाटल्यामुळे. माझी एक पहाट सांगते. अर्धा तास पडून होते, काही घडलं नाही. उठले, स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी घेतलं. ओट्यावर पोळपाट-लाटणं पडलं होतं. पोळपाटाला चार पाय होते. आमच्या पोळपाटाला तीन आहेत. ते मी बघितलं, आणि तरीही पाणी प्यायले, पेला विसळला, पालथा घातला. मग केवळ पाळलेल्या नियमामुळे नाक चिमटलं आणि श्वास गार वाऱ्यासारखा आत आला. मी सतरंजीवरून उठलेच नव्हते.

म्हणून नियम: त्या पहाटे जेव्हा जेव्हा ‘उठाल’, तेव्हा तेव्हा पहिलं काम नाक चिमटणं. दरवाजा उघडण्याआधी, दिवा लावण्याआधी.

*सावधान, आणि हे दोनदा वाचा: आपण स्वप्नात आहोत की नाही हे बघायला उंचावरून उडी मारायची नाही, गॅस-सुरी-वीज यांच्याशी खेळायचं नाही, रस्त्यावर उतरायचं नाही. ठाण्या-नवी मुंबईत आपण विसाव्या-पंचविसाव्या मजल्यांवर राहतो. परीक्षा फक्त नाकाची आणि वाचनाची. शंका उरली तर आपण जागे आहोत असंच धरायचं.*

कळल्यावर आनंदाने ओरडू नका, त्यानेच जाग येते. आधी स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीला हात लावा, जमिनीचा गारवा तळपायांना जाणवू द्या. स्पर्शाने स्वप्न टिकतं. एकाच गोष्टीकडे टक लावू नका. दृश्य फिकं पडलं तर पुन्हा हात चोळा. मग ठरवलेली ती एकच गोष्ट करा. उडायचा बेत पहिल्या दहा स्वप्नांत ठेवू नका.

अडलं कुठे?

पडल्यापडल्या झोप लागते आणि सकाळी काहीच नाही: चौथ्या टप्प्यात दहा मिनिटं वाढवा, जागा बदला. झोपच येत नाही: दहा मिनिटं कमी करा, दिवा आणखी मंद करा, दुसरी वाट सोडून पहिलीवर या. चित्रं येतात पण स्वप्न होत नाही: तुम्ही फार लक्षपूर्वक बघत आहात, निम्मं लक्ष पंख्याकडे सोडा.

गोळ्यांबद्दल फार विचारणा होते. गॅलँटामीन हे अल्झायमरच्या रुग्णांना डॉक्टर लिहून देतात ते औषध आहे. नाडीचे ठोके मंदावणं, उलट्या असे त्याचे परिणाम असू शकतात. स्वप्नासाठी ते ऑनलाइन मागवून घेऊ नका.

आठवड्यातून जास्तीत जास्त दोन पहाटा, आणि दोन्हींच्या मध्ये निदान दोन रात्रींची अखंड झोप. कळव्याचा तो मुलगा आता फक्त शनिवारी करतो.

टप्पा ८: स्वप्न मोडल्यावर

पहिलं सजग स्वप्न बहुतेकांचं काही सेकंदांचं असतं. जाग आल्याचं कळलं की डोळे उघडू नका, हलू नका. आत्ता जिथे होतात ती जागा मनात धरा, तोच जिना, तीच भिंत, आणि तिला हात लावायला जा. अर्ध्या-एक मिनिटात परत आत जाता येतं, कित्येकदा पहिल्यापेक्षा स्पष्ट. दोनदा प्रयत्न करा, तिसऱ्यांदा नको.

मग उठून वहीत लिहा: झोप किती वाजता लागली, जाग किती वाजता, किती मिनिटं बसलात, पाढा कुठे अडला, कोणती वाट, आणि कळण्याच्या आधीची शेवटची गोष्ट काय होती. शेवटच्या रकान्यात माझं त्या दिवशी एवढंच लिहिलेलं आहे: ‘पोळपाट, चार पाय.’